खालच्या टाकीत ७६ किलो होते: हेलिकॉप्टर शिकणाऱ्यांना खुले पत्र

हेलिकॉप्टर उडवायला शिकणाऱ्या सगळ्या मुलामुलींना,

सप्रेम नमस्कार.

मी उडणारा माणूस नाही. माझी हयात जुहूच्या हँगरमध्ये हाताचे ग्रीस पुसण्यात गेली. विमान देखभाल अभियंत्याचे लायसन्स, तीसेक वर्षे हेलिकॉप्टरे, आता निवृत्ती आणि डोंबिवली. मध्यंतरी तुमच्यापैकी काहींच्या वर्गात मला बोलायला बोलावले होते. दिलेला विषय बाजूला ठेवून मी पाऊण तास गिअरबॉक्सवरच बोललो (गिअरबॉक्स निघाला की माझे असेच होते). निघता निघता मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, ग्लासगोच्या त्या पोलिस हेलिकॉप्टरला दोन इंजिनं होती. टाकीत शहात्तर किलो फ्यूल सापडलं. मग फ्यूल संपून पडलं असं कसं म्हणायचं?”

मी दोन वाक्यांत काहीतरी गुंडाळले. ती “हो सर” म्हणाली, पण ते ‘हो’ कसले होते ते मला कळले. मीही माझ्या इन्स्पेक्टरला असेच ‘हो सर’ म्हणायचो. म्हणून हे पत्र. उघडे लिहितो आहे, कारण यातला बराचसा भाग माझ्यासारख्या पान्हेवाल्यांना लागू आहे, आणि थोडासा हेलिकॉप्टर भाड्याने घेणाऱ्यांनाही.

आधी घडले ते सांगतो. २९ नोव्हेंबर २०१३, शुक्रवारची रात्र. स्कॉटलंड पोलिसांचे युरोकॉप्टर ईसी-१३५, आत एक वैमानिक आणि दोन पोलिस. क्लाइड नदीच्या काठावरच्या तळावरून ते ८ वाजून ४४ मिनिटांनी उडाले तेव्हा टाक्यांमध्ये ४०० किलो इंधन होते. शहरातच ऑटलंड्स भागात रेल्वेखाली कोणी सापडल्याचा कॉल होता, तो झाला. मग पूर्वेला पार एडिनबराजवळच्या डाल्कीथपर्यंत जाऊन परत, आणि येताना बॉथवेल, उडिंग्स्टन, बार्गेडी इथे टेहळणी. १० वाजून १८ मिनिटांनी वैमानिकाने ग्लासगोच्या हद्दीत शिरायची परवानगी मागितली. मदतीची हाक त्याने त्यापूर्वी दिली नव्हती, नंतरही दिली नाही. १० वाजून २२ मिनिटांनी ते स्टॉकवेल स्ट्रीटवरच्या ‘क्लूथा’ नावाच्या पबच्या छपरातून खाली गेले. आत शंभरेक माणसे होती, बँड वाजत होता. हेलिकॉप्टरमधले तिघे गेले आणि पबमधले सात.

आता जरा हिशेब करा, पेन्सिल घ्या. ९८ मिनिटांत ३२४ किलो, म्हणजे मिनिटाला साधारण सव्वातीन किलो. ७६ किलो म्हणजे कागदावर आणखी वीसेक मिनिटांचे उड्डाण. आणि तळ तिथून नदीकाठानेच दोन-तीन किलोमीटरवर. तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न बरोबर होता.

तुमच्या सोसायटीत जमिनीखाली एक मोठी टाकी असते आणि गच्चीवर दोन लहान. ‘ए’ विंगचे नळ एका लहान टाकीवर, ‘बी’ विंगचे दुसरीवर. खालचे पाणी वर चढवायला मोटर. मोटर चालू असेल तोवर वरच्या टाक्या भरलेल्या राहतात आणि जास्तीचे पाणी ओव्हरफ्लोने खाली येते. आता समजा वॉचमनने मोटर बंद केली आणि पुन्हा लावायची राहून गेली. नळ काही लगेच जात नाहीत. तासभर सगळे छान चालते, बायका धुणे धुतात, कोणाला पत्ता नाही. मग अचानक दोन्ही विंग कोरड्या, आणि खाली झाकण उघडून बघावे तर पाणी आहेच. ईसी-१३५ ची रचना हीच आहे. (फक्त तिथे गच्ची नसते, तिन्ही टाक्या फरशीखालीच असतात.) इंजिने मुख्य टाकीतून इंधन घेतच नाहीत. प्रत्येक इंजिनाची आपली एक छोटी सप्लाय टाकी, आणि मुख्य टाकीतून ती भरायला दोन ट्रान्सफर पंप. ते ७६ किलो मुख्य टाकीत होते. सप्लाय टाक्यांमध्ये जवळपास काहीच उरले नव्हते. दोन्ही ट्रान्सफर पंपांच्या कळा बंद होत्या.

कोणी म्हणेल, पंप बंद कशाला करायचा? तर मुख्य टाकीत एक पंप पुढे असतो, एक मागे. टाकी अर्ध्याखाली आली आणि नाक खाली घालून वेगाने निघालात की इंधन पुढे सरकते आणि मागचा पंप कोरडा पडतो. एका जागी तरंगत राहिलात की नाक किंचित वर, इंधन मागे, आणि पुढचा पंप कोरडा. कोरडा पंप दिवा लावतो. पंप कोरडा चालू द्यायचा नसतो, म्हणून वैमानिक त्याची कळ बंद करतो, आणि हेलिकॉप्टरची ठेवण बदलली की पुन्हा चालू करायची असते. पोलिसांचे काम म्हणजे जा, थांब, तरंग, पुन्हा जा. एका रात्रीत ती कळ किती वेळा खालीवर होत असेल ते तुम्हीच मोजा. त्या कळांच्या शेजारीच प्राइम पंपांच्या (इंजिन सुरू करताना लागणाऱ्या पंपांच्या) कळा असतात, आणि मलब्यात त्या दोन्ही चालू सापडल्या. या एका वाक्यावर मी किती रात्री घालवल्या ते बायकोला माहीत आहे. हात चुकीच्या कळेवर गेला आणि मनाने ‘झाले’ असे टिपून ठेवले? असेलही, नसेलही. त्या हेलिकॉप्टरवर फ्लाइट रेकॉर्डर नव्हता. कायद्याने तो लागतही नव्हता. ब्रिटनच्या विमान अपघात अन्वेषण शाखेने निरनिराळ्या उपकरणांच्या स्मृतीत उरलेले तुकडे जोडून जेवढे कळेल तेवढे काढले आणि २०१५ मध्ये अहवाल दिला. कळा कुठे होत्या हे लोखंड सांगते. माणूस काय समजत होता हे लोखंड सांगत नाही. पुढे नोकरीला लागाल तेव्हा पगाराच्या आधी विचारा, तुमच्या हेलिकॉप्टरमध्ये काही नोंद होते का, आणि ती कोण बघतो.

उजवे इंजिन आधी गेले. दोन सप्लाय टाक्या मुद्दाम लहानमोठ्या केलेल्या असतात, एक इंजिन गेले तरी दुसऱ्यावर काही मिनिटे हातात राहावीत म्हणून. त्या रात्री मिळाले ३२ सेकंद. डावेही गेले. पुढे काय करायचे ते तुम्ही पहिल्या महिन्यापासून शिकता आहात: कलेक्टिव्ह (पात्यांचा कोन बदलणारा दांडा) खाली, पंखा वाऱ्यावर फिरता ठेवा, शेवटी फ्लेअर (नाक वर उचलून वेग मोडणे). दिवसा, मोकळ्या मैदानावर, शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असताना. रात्री दाट वस्तीवर, दोन्ही इंजिने गेलेली, उंची सांगणारा रेडिओ अल्टिमीटर आणि फिरवता येणारा लँडिंग लाइट दोन्ही बिनविजेचे, कारण त्यांना वीज द्यायची कळ वेगळी दाबावी लागते आणि ती दाबली गेली नव्हती. छपरावर आदळताना पंखा फिरत नव्हता.

पण माझ्या पत्राचा विषय इथून पुढे आहे.

त्या वैमानिकाला दिवा दिसला नाही असे नाही. सप्लाय टाकीतले इंधन ठरावीक पातळीखाली गेले की ‘लो फ्यूल’ची धोक्याची सूचना लागते, घंटा वाजते, आणि वैमानिकाला कळ दाबून ‘पाहिले’ अशी पोच द्यावी लागते. त्या रात्री अशा पाच सूचना लागल्या आणि पाचांचीही पोच दिली गेली. चेकलिस्टमध्ये ओळ स्वच्छ आहे: दहा मिनिटांच्या आत उतरा. तो नवखा नव्हता. पाच हजारांहून अधिक तास, रॉयल एअर फोर्समध्ये इन्स्ट्रक्टर राहिलेला. तुमच्या-माझ्यापेक्षा शिस्त त्याला जास्त ठाऊक.

२०१९ मध्ये ग्लासगोत न्यायालयीन चौकशी झाली, तीही हॅम्पडेन पार्क फुटबॉल स्टेडियममध्ये तात्पुरते कोर्ट मांडून. मुख्य शेरीफ क्रेग टर्नबुल यांच्यापुढे. (आपल्या मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाची खुर्ची. तिकडचा शेरीफ खराखुरा न्यायाधीश असतो.) त्यांचा निष्कर्ष असा की त्या सूचना कशातरी चुकीच्या असतील असे धरून वैमानिकाने धोका पत्करला, आणि तो दहा जणांना भोवला.

निष्कर्षाशी भांडायची माझी पात्रता नाही. पण ‘चुकीच्या असतील’ हे शब्द वाचले आणि मी चष्मा काढून ठेवला. दिवा चुकीचा असतो हे वैमानिकाला कोण शिकवते? फ्लाइंग स्कूल नाही शिकवत. पुस्तक नाही शिकवत. ते आम्ही शिकवतो.

तुम्हाला कॉकपिटमध्ये इंधनाबद्दल दोन साक्षीदार मिळतात. एक गेज, तो पूर्ण टाकीचा हिशेब सांगतो. दुसरा लो फ्यूलचा दिवा, त्याला फक्त एकच गोष्ट कळते: एवढ्याखाली गेले की नाही. ईसी-१३५ मध्ये दोघांचे सेन्सर वेगळे, तारा वेगळ्या. मुद्दाम वेगळ्या. एकाचे डोके फिरले तरी दुसरा शाबूत राहावा म्हणून. आणि गेजचे डोके फिरते. ग्लासगोच्या अपघातानंतर दोन आठवड्यांतच त्याच जातीच्या दुसऱ्या एका हेलिकॉप्टरचे गेज सप्लाय टाकीत असलेल्या इंधनापेक्षा जास्त दाखवताना सापडले, आणि त्या कंपनीने आपला ईसी-१३५ चा सगळा ताफा काही काळ जमिनीवर ठेवला. सेन्सरवर पाणी चढले की असे होऊ शकते. सकाळी पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळातून बरणीत सॅम्पल काढून उजेडात धरायला आम्ही सांगतो ते उगीच नाही. पाण्याचा थेंब जड, तो तळाशी गोळी होऊन बसतो, बरणी फिरवली की मण्यासारखा पळतो. एकदा पाहिलात की विसरणार नाही.

तर दोन साक्षीदार. एक म्हणतो इंधन आहे, दुसरा म्हणतो नाही. माणसाचे मन कोणाकडे झुकते? ज्याच्यामुळे घरी वेळेवर पोहोचता येईल त्याच्याकडे. आणि त्यातून इंजिनिअरने आधीच कानात सांगून ठेवले असेल की त्या दिव्याचे काही मनावर घेऊ नका, तर विचारूच नका.

हे मी केले आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. निवडणुकीचा हंगाम, एक इंजिनाचे हेलिकॉप्टर, मुक्काम सोलापूर. दिवसाला सात-आठ सभा. संध्याकाळी कॅप्टनने स्नॅग लिहिला: वळताना लो फ्यूलचा दिवा लुकलुकतो, गेज नॉर्मल. हवाई दलातून आलेला शांत माणूस होता. मी पोहोचलो तोवर आमच्या पोरांनी दुसऱ्या दिवसासाठी टाकी भरून टाकली होती. मी कनेक्टर उघडला, थोडा काळा पडला होता, साफ केला, बसवला, ग्राउंड रन दिला, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून बघितले. दिवा लागला नाही. लॉगबुकात लिहिले, ‘कनेक्टर क्लीन्ड, ग्राउंड रन कॅरीड आउट, फाउंड सॅटिस्फॅक्टरी’, आणि सही ठोकली. कॅप्टनला म्हणालो, “कनेक्टरचा घोळ होता सर. परत लुकलुकला तर चिंता करू नका, मुंबईला गेल्यावर बघू.”

भरलेल्या टाकीत लो फ्यूलचा दिवा लागत नाही, हे समजायला लायसन्स लागत नाही. मी ज्या आजाराची तपासणी केली तो रोगी जेवून झोपला होता. हे मला तेव्हा सुचले नाही असेही नाही. सुचले होते. पण टाकी उपसून पुन्हा भरायची, गेज ताडून बघायचे, म्हणजे रात्रीचे दोन वाजणार, आणि सकाळी सहाला साहेब हजर. मी सही केली आणि जेवायला गेलो.

आता इथे भाड्याने घेणाऱ्यांना दोन शब्द. “रस्त्यातच आहे, पाच मिनिटं फक्त” हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. हार-तुरे, आरती, कोणाच्या तरी घरी चहा. जमिनीवर पंखा फिरत ठेवून थांबलात तरी इंधन जळत असते. उतरल्यावर वैमानिक घड्याळाकडे बघतो तेव्हा तो उद्धट नसतो, भागाकार करत असतो.

आणि कारण सभेचेच असावे लागते असेही नाही. अमेरिकेत मिझुरी राज्यात २६ ऑगस्ट २०११ ला रुग्णाला नेणारे एक हेलिकॉप्टर असेच पडले. वैमानिकाला पहिल्या हॉस्पिटलच्या हेलिपॅडवर उतरल्यावर कळले होते की इंधन समजलो होतो त्याहून कमी आहे. त्याने ते नियंत्रण कक्षाला सांगितलेसुद्धा. मग वाटेतल्या मॉस्बीच्या विमानतळावर भरून घेऊ असे ठरले, आणि त्या विमानतळापासून मैलभर अलीकडे इंजिन बंद पडले. वैमानिक, नर्स, पॅरामेडिक, रुग्ण, चौघेही गेले. तपासात निघाले की ड्यूटीवर असताना तो मोबाइलवर खासगी मेसेज करत होता, झोपही पुरी झाली नव्हती. सकाळी टाकीचा आकडा डोळ्यांखालून गेला असता तर पुढचे काही झाले नसते. अमेरिकेच्या नियमात हेलिकॉप्टरला दिवसा-रात्री, डोळ्यांनी बघून उडताना, पोहोचल्यावर वीस मिनिटांचे इंधन शिल्लक लागते. ही वीस मिनिटे तुमची नसतात. ती उसनी दिलेली असतात, न वापरता परत करायच्या बोलीवर.

आकड्यांचे म्हणाल तर एकके सांभाळा. बाउझरचा (इंधनाच्या टँकरचा) मीटर लिटर दाखवतो, तुमचा लोड शीट किलो मागतो आणि अमेरिकन मॅन्युअल पाउंड किंवा गॅलन. एटीएफचे, म्हणजे विमानाच्या इंधनाचे, लिटर साधारण ०.८ किलो भरते. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ला पाउंडाचा गुणक लावून किलो मोजले गेले आणि ते ४१ हजार फुटांवर कोरडे पडले. ते विमान घरंगळत गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर नेता आले आणि सगळे वाचले. तुमच्याकडे घरंगळायला तेवढी उंची नसते.

तर सोलापूर. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या सभेनंतर कॅप्टन उडाला. साहेब गाडीने पुढे गेले होते, म्हणून सीटवर फक्त त्यांचा एक कार्यकर्ता. दिवा लागला. या वेळी लुकलुक नाही, सरळ पेटून राहिला. गेज पस्तीस टक्के दाखवत होते. इंजिनिअरने ‘चिंता करू नका’ म्हटलेले. पुढचे हेलिपॅड बारा मिनिटांवर, तिथे बॅरल ठेवलेले, मंडप भरलेला, पोलिस बंदोबस्त.

तो खाली बघत होता. जिल्हा परिषदेची एक शाळा दिसली, मैदान मोठे, तारा एकाच बाजूला. उतरला.

आम्हाला निरोप मिळाला, जीपमध्ये बॅरल, हँडपंप आणि फिल्टर टाकून पोहोचायला चार तास लागले. वाटेत कंपनीच्या माणसाने मला तीनदा विचारले, “पण तुम्ही तर दिवा ठीक केला होता ना?” मी तीनदा खिडकीबाहेर बघितले. शाळेत पोहोचलो तर कॅप्टन सावलीत खुर्चीवर, हातात चहा, समोर साठ-सत्तर पोरे मांडी घालून बसलेली आणि तो त्यांना पंखा कशाने फिरतो ते समजावत होता. मला बघून काही बोलला नाही. मी टाकीचा ड्रेन उघडला. वीस लिटरचा एक कॅन भरला. दुसरा अर्धाही भरला नाही. गेज त्याला पस्तीस टक्के म्हणत होते.

बारा मिनिटांचा भागाकार मी तिथेच बोटांवर केला. पोहोचला असता, कदाचित. ‘कदाचित’ हा शब्द मी त्यानंतर लॉगबुकाच्या आसपास कधी फिरकू दिला नाही. स्नॅग इंधनाचा असेल तर टाकी रिकामी करून गेज आणि दिवा दोन्ही ताडल्याशिवाय सही नाही, मग रात्रीचे चार वाजू देत. आणि वैमानिकाला “मनावर घेऊ नका” हे वाक्य नाही. तुम्हाला जर कोणी इंजिनिअर हे वाक्य म्हणाला, तर त्याला ते लॉगबुकात लिहून सही करायला सांगा. बघा लिहितो का.

भरून होईपर्यंत उन्हे उतरली होती. निघताना मुख्याध्यापक धावत आले, हातात शाळेचे शेरेबुक. शाळेत कोणीही मोठा माणूस आला की त्याची नोंद झाली पाहिजे, मग तो आकाशातून आलेला का असेना. कॅप्टनने खिशातून पेन काढले. दिनांक, नाव, पद. ‘भेटीचे कारण’ या रकान्यापाशी तो जरा थांबला, मग मोडक्या मराठीत लिहिले: ‘इंधन कमी.’ शेरा: ‘मुले हुशार आहेत. मैदान उत्तम.’

मग मुख्याध्यापकांनी वही माझ्यापुढे धरली. मी नाव लिहिले, पद लिहिले, आणि भेटीच्या कारणापुढे लिहिले: ‘वरीलप्रमाणे.’

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
डोंबिवली